पित्ताशय सांभाळायचं कसं: जेवणाच्या वेळा, तेलाचा चमचा, उपास आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट

उजव्या बरगड्यांच्या आत, यकृताच्या तळाशी चिकटलेली ७ ते १० सेंटीमीटर लांबीची पिशवी म्हणजे पित्ताशय. तिच्यात मावतं जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर. पित्त बनवायचं काम तिचं नाही, ते यकृत करतं आणि दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर बनवतं. दोन जेवणांच्या मधल्या वेळेत त्यातला बराच भाग पित्ताशयात जाऊन थांबतो. तिथे त्यातलं पाणी शोषलं जातं आणि पित्त पाच ते दहा पट घट्ट होतं. जेवणातलं तेल-तूप जठर ओलांडून लहान आतड्याच्या तोंडाशी पोचलं, की तिथून सीसीके नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं, पिशवी आकसते आणि साठलेलं पित्त नळीवाटे आतड्यात उतरतं. तेलाचे बारीक थेंब करणं हे त्याचं काम. ते झालं की त्यातले सुमारे ९५ टक्के पित्तक्षार आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषले जाऊन पुन्हा यकृतात परत येतात.

म्हणजे पित्ताशय निरोगी ठेवायचं तर सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते पिशवी रोज वेळेवर रिकामी होते की नाही याकडे. बाकीचे बरेच सल्ले यातूनच निघतात. आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. खडे होऊ नयेत म्हणून खाण्यापिण्याच्या सवयींचा खरोखर उपयोग होतो. एकदा झालेला खडा मात्र रस, काढा किंवा लिंबूपाण्याने विरघळत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणसं सहा-सहा महिने घरगुती उपायांत घालवतात आणि मग डोळे पिवळे झाल्यावर दवाखान्यात येतात.

खडा बनतो कसा

पित्तात कोलेस्टेरॉल असतं आणि पित्तक्षार त्याला विरघळलेलं ठेवतात. कोलेस्टेरॉल वाढलं किंवा क्षार कमी पडले की हिशेब बिघडतो. पाक जास्त आटला आणि तसाच ठेवून दिला की तळाला साखरेचे दाणे धरतात, तसंच इथे होतं. आधी गाळ बसतो, रिपोर्टात त्याला ‘स्लज’ म्हणतात. पिशवी नीट आकसत असेल तर हा गाळ बाहेर टाकला जातो. ती सुस्त असेल तर तोच गाळ धरून बसतो आणि त्याचे खडे होतात.

दुसरा प्रकार रंगद्रव्याच्या काळ्या खड्यांचा. रक्तातल्या तांबड्या पेशी सतत फुटत राहिल्या की त्यातून सुटणारं बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य वाढतं आणि त्याचे खडे बनतात. सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांत हे लहान वयातच दिसतं. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा भागातल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आढळतो. तिथल्या पंधरा-वीस वर्षांच्या मुलाच्या पोटात उजवीकडे वारंवार दुखत असेल, तर ‘या वयात कसले खडे’ म्हणून सोडून देऊ नये.

धोका कुणाला जास्त? पुरुषांपेक्षा बायकांना, कारण इस्ट्रोजेनमुळे पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेताना तो वाढतो. वजन जास्त असलेल्यांना, मधुमेहींना, आई-बहिणीला खडे झालेल्यांना आणि वयाची चाळिशी ओलांडलेल्यांनाही तो असतो. शेवटचा गट लोकांच्या ध्यानीमनी नसतो: झपाट्याने वजन उतरवणारे.

रोजचा दिनक्रम: आधी वेळ, मग पदार्थ

रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी यांच्यात १२ तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. रात्री ८ला जेवलात तर सकाळी ८ला काहीतरी खाल्लं पाहिजे, आणि ते ‘काहीतरी’ म्हणजे चहा-बिस्किट नव्हे. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत निफाड-दिंडोरीकडचे शेतकरी आणि सातपूर-अंबडला तिसऱ्या पाळीला जाणारे कामगार, दोघांचीही गत एकच. सकाळ चहावर निघते, दुपारी मिळेल ते आणि रात्री उशिरा एकदाच भरपेट. पित्ताशयात १५-१६ तास साचून घट्ट झालेलं पित्त मग एका झटक्यात बाहेर पडायचा प्रयत्न होतो. पाळी कोणतीही असो, जाग्या असलेल्या वेळेत दर चार-पाच तासांनी खायचं, हा नियम घड्याळापेक्षा सोपा आहे. तिसऱ्या पाळीवाल्याने निघताना जेवण, मधल्या सुट्टीत डबा आणि घरी आल्यावर झोपायच्या आधी हलकी न्याहारी असं बसवावं.

दुसरी गोष्ट तेलाची, आणि इथे दोन्ही टोकाच्या चुका होतात. खड्याच्या भीतीने काही जण तेल-तूप पूर्ण बंद करतात. मग सीसीके पुरेसं सुटत नाही, पिशवी पुरती रिकामी होत नाही आणि गाळ साचायला मोकळीक मिळते. ज्यांना खडे नाहीत त्यांनी दिवसातल्या किमान एका जेवणात १० ग्रॅम स्निग्ध पदार्थ ठेवावा, म्हणजे चहाचे दोन चमचे तेल किंवा तूप. दिवसभराचं मिळून माणशी २० ग्रॅमच्या आसपास तेल पुरे होतं. घरात चौघं असाल तर महिन्याला अडीच लिटरच्या जवळपास. नवीन डबा फोडला की त्यावर तारीख लिहून ठेवा. ५ लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर घरात दुप्पट तेल चाललंय, वेगळं मोजमाप करायची गरज नाही.

तिसरी गोष्ट चोथ्याची. विरघळणारा तंतुमय भाग आतड्यातले पित्तक्षार धरून बाहेर नेतो. ते भरून काढायला यकृत कोलेस्टेरॉल वापरून नवे क्षार बनवतं, त्यामुळे पित्तातलं प्रमाण सुधारतं. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा हवा. नाशिककरांना यासाठी महागडं ओट्सचं पाकीट आणायची गरज नाही. बाजरी आणि नागलीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ११ ग्रॅम चोथा असतो, ज्वारीत १०, पांढऱ्या तांदळात मात्र तीनच्या आत. मध्यम भाकरीला ५० ते ६० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे दोन भाकऱ्यांतच १२ ग्रॅमच्या आसपास चोथा मिळाला. त्यात वाटीभर मोडाची मटकी किंवा मूग, एक पालेभाजी आणि सालासकट एक पेरू धरला की बेरीज पूर्ण होते. ज्यांना चोथ्याची सवय नाही त्यांनी एकदम वाढवू नये, पोट फुगतं. आठवडाभर एकच भाकरी ठेवा, मग दुसरी वाढवा.

साखर आणि मैद्याबद्दल थोडक्यात: दोन्ही जास्त झालं की रक्तातली ट्रायग्लिसराइड्स वाढतात आणि पित्त खडे धरण्याकडे झुकतं. पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे रोजची ४०-५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. पहिल्यांदा कप कमी करा, मग चमचे.

चालण्याचाही थेट उपयोग आहे. आठवड्यातले पाच दिवस तीस-चाळीस मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. गोल्फ क्लब मैदान, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, गोदाकाठ, कुठेही चाला. पांडवलेणीच्या पायऱ्या गुडघे साथ देत असतील तर उत्तमच.

उपास, आणि उपास सोडताना होणारी गडबड

उपासाने पोटाला विश्रांती मिळते असं आपण म्हणतो. पित्ताशयाला मिळते ती साचून राहण्याची सक्ती. श्रावणी सोमवारी दिवसभर चहावर राहून रात्री साबुदाणा वडे, शेंगदाण्याची आमटी आणि वर बटाट्याचा तळलेला कीस, हा क्रम त्याच्यासाठी सगळ्यात वाईट. साबुदाण्यात चोथा जवळजवळ शून्य. खिचडी मोकळी व्हावी म्हणून घातलेलं तूप आणि दाण्याचं कूट मिळून एका प्लेटमध्ये सहज २०-२५ ग्रॅम स्निग्धांश जातो.

उपास सोडा असं कुणी सांगणार नाही आणि सांगितलं तरी कुणी ऐकणार नाही. तो असा बसवा. सकाळी ८च्या आत दूध आणि चार खजूर किंवा राजगिऱ्याचे दोन लाडू. ११-१२ला भगर, सोबत पातळ दाण्याची आमटी किंवा ताक. ४ला फळ आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. रात्री सोडताना पहिल्यांदा साधा वरण-भात, एक चमचा तूप आणि भाजी. तळण नको. नवरात्रात नऊ दिवस एकभुक्त राहणाऱ्यांनी निदान सकाळी आणि दुपारी दूध-फळ घ्यावं. सप्तशृंगीचा गड चढून जाणाऱ्यांनी तर घ्यावंच. ज्यांच्या पित्ताशयात खडे असल्याचं आधीच माहीत आहे किंवा ज्यांना इन्सुलिन चालू आहे, त्यांनी निर्जळी आणि कडक उपास करू नयेत.

मिसळ

नाशिकमध्ये पित्ताशयावर लिहायचं आणि मिसळ टाळायची हे जमणारं नाही. तिखटाने खडे होत नाहीत. मिसळीतली मटकी तर चांगलीच. त्रास देणारे भाग दोन: वर तरंगणारी तर्री आणि शेव-फरसाण. तर्री म्हणजे मसाल्यात परतून सुटलेलं तेल. ती पळीभर ओतून घेतली की दोन-तीन मोठे चमचे तेल पोटात जातं. रस्सा मागताना ‘तर्री बाजूला द्या’ म्हणा, फरसाण अर्ध्यावर आणा, मटकी दुप्पट घ्या. खडे नसलेल्या माणसाने रविवारी एवढं पाळलं तरी पुरे. खडे आहेत आणि एकदा कळ येऊन गेली आहे, अशा माणसाने रात्री ८ला जेवून दुसऱ्या दिवशी ११ला रिकाम्या पोटी मळ्यातल्या मिसळीवर ताव मारणं म्हणजे दुखण्याला आवतण. शिवाय शेवटी जिलेबी असतेच.

वजन उतरवताना

वजन कमी केल्याने खड्यांचा धोका कमी होतो, पण घाईने उतरवल्यास उलट वाढतो. चरबी झपाट्याने वितळली की यकृत जादा कोलेस्टेरॉल पित्तात टाकतं. त्याच वेळी खाणं तुटपुंजं असल्यामुळे पिशवी आकसत नाही. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग बरा. दीड किलोच्या वर गेला की धोका स्पष्ट वाढतो. लग्नाआधी महिन्याभरात दहा किलो, नुसत्या ज्यूसवर पंधरा दिवस, असल्या योजना पित्ताशयाच्या मुळावर येतात. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना डॉक्टर काही महिने अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देतात, त्या याच कारणासाठी. त्या मध्येच बंद करू नयेत.

बाळंतिणीचं दुखणं

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय ढिलं पडतं आणि बऱ्याच जणींत गाळ धरतो. बाळंतपणानंतर तो बहुतेकींचा आपोआप जातो, काहींचे मात्र छोटे खडे झालेले असतात. नेमक्या त्याच दिवसांत डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, गरम भातावर तुपाची धार सुरू होते. लाडू खाल्ल्यावर तासाभराने छातीच्या खाली, मध्यभागी किंवा उजवीकडे घट्ट कळ येते, ती पाठीत खांद्याच्या पात्याकडे जाते आणि उलटी होते. घरात सगळे म्हणतात वारा धरलाय, ओवा दे. शेक घेऊन, ओवा चावून तासा-दोन तासांनी कळ थांबते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लाडू. असं दोनदा झालं तर सोनोग्राफी करा. ती बाळंतिणीला पूर्ण सुरक्षित आहे. तोवर लाडू अर्धा करा आणि तूप दिवसाला दोन-तीन चमच्यांवर आणा. खीर दुधाचीच राहू द्या, दूध साय काढून घ्या.

जे उपाय करू नयेत

ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन ‘खडे पाडण्याचा’ उपाय मोबाइलवर फिरत असतो. दुसऱ्या दिवशी शौचात हिरवट मऊ गोळ्या दिसतातही. त्या खडे नसतात. तेल आणि लिंबू यांपासून पोटात तयार झालेल्या साबणासारख्या गाठी असतात. खरे खडे असणाऱ्याने एवढं तेल एकदम घेतलं तर पित्ताशय जोरात आकसतं आणि खडा नळीत जाऊन अडकू शकतो. एरंडेलही याच कारणाने नको.

कुळथाचं कढण, पानफुटी, भरपूर पाणी हे मुतखड्याचे उपाय. मुतखडा लघवीच्या मार्गात असतो, हा खडा पित्ताच्या मार्गात. पाण्याने तो वाहून जाणार नाही. हळद स्वयंपाकात खुशाल वापरा, पण कर्क्युमिनच्या तीव्र कॅप्सूल खडे असणाऱ्याने विचारल्याशिवाय घेऊ नयेत. कर्क्युमिनने पित्ताशय आकसतं.

सगळ्यात महागात पडतो तो काविळीच्या औषधाचा मार्ग. खड्याने नळी अडली की डोळे पिवळे होतात, लघवी गडद, शौच पांढरट मातकट आणि अंगाला खाज. ही अडथळ्याची कावीळ आहे. नाकात औषध घालून, हात चुन्याच्या पाण्यात धुऊन किंवा पाला खाऊन ती उतरत नाही. थंडी वाजून ताप आला तर नळीत जंतुसंसर्ग झाला असं समजा, तिथे काही तासांचा उशीरही जिवावर बेततो.

दुखणं ओळखायचं कसं

छातीत जळजळ, आंबट ढेकर आणि जेलुसिलसारखं औषध घेतल्यावर पंधरा मिनिटांत आराम, हे आम्लपित्त. पित्ताशयाची कळ वेगळी. जड जेवणानंतर तासाभराने, बऱ्याचदा मध्यरात्री उठवते. अर्धा तास ते पाच-सहा तास एकसारखी राहते, कूस बदलून किंवा ढेकर देऊन हलत नाही. लग्नसराईत रात्री दीड-दोनला येणारे रुग्ण बहुतेक याच चालीचे.

कळ सुरू झाली की खाणं बंद करा, फक्त घोट-घोट पाणी प्या, सुरू झाल्याची वेळ लिहा, ताप मोजा, उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग बघा. पोट चोळू नका. दुखणं सहा तासांच्या वर गेलं, ताप आला, डोळे पिवळे झाले, उलट्या थांबत नाहीत किंवा दुखणं पट्ट्यासारखं पाठीत शिरलं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. गाडीची सोय नसेल तर १०८. चाळिशीच्या पुढच्या माणसाला घाम फुटला, दम लागला किंवा हात-जबडा दुखू लागला, तर पहिल्यांदा ईसीजी. हृदयविकाराचा झटकाही पोटाच्या वरच्या भागात दुखून येतो.

सोनोग्राफी आणि तिचा रिपोर्ट

तपासणीआधी सहा ते आठ तास काही खायचं नाही. दुधाचा चहाही नको, त्यातल्या सायीनेही पिशवी आकसते आणि मग आतले खडे दिसत नाहीत. रिपोर्टात ‘कॉन्ट्रॅक्टेड’ लिहून आलं तर बहुधा हेच झालेलं असतं. साधं पाणी चालतं. मधुमेह असेल तर सकाळचा पहिला नंबर मागा आणि त्या दिवशीची गोळी-इन्सुलिन कधी घ्यायचं ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.

रिपोर्टातल्या चार जागा बघा. खड्यांची संख्या आणि आकार, पित्ताशयाच्या भिंतीची जाडी (३ मिलिमीटरपर्यंत ठीक), सीबीडी म्हणजे मुख्य पित्तनळीची रुंदी (साधारण ६ मिलिमीटरपर्यंत, वयानुसार थोडी जास्त) आणि ‘मोबाइल’ की ‘इम्पॅक्टेड’ हा शब्द. मोबाइल म्हणजे कूस बदलल्यावर सरकणारा, इम्पॅक्टेड म्हणजे मानेशी अडकलेला. ‘फक्त ४ मिलिमीटरचा आहे’ म्हणून निर्धास्त होऊ नका. बारीक खडेच नळीत घसरतात आणि कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज आणतात. पॉलिप म्हणजे पिशवीच्या आतल्या भिंतीवरची छोटी वाढ असेल आणि तो १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल तर शल्यचिकित्सकांना दाखवायचंच.

खडे निघाले, पुढे काय

दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि खडे दिसले, त्रास काहीच नाही, असं असेल तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. अशा लोकांपैकी वर्षाला शंभरात एक-दोघांनाच दुखणं सुरू होतं. वर सांगितलेला दिनक्रम पाळा आणि लक्षणांकडे लक्ष ठेवा. खडा ३ सेंटीमीटरपेक्षा मोठा, सोबत मोठा पॉलिप, भिंतीत चुन्याचा थर किंवा सिकलसेल असेल तर मात्र डॉक्टर आधीच काढायचा सल्ला देऊ शकतात.

एकदा खरी कळ येऊन गेली की ती पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते, म्हणून तिथे शस्त्रक्रियाच सुचवतात. गोळ्यांनी विरघळतात ते फक्त छोटे, कोलेस्टेरॉलचे खडे, तेही पिशवी नीट आकसत असेल तर. सहा महिने ते दोन वर्षं गोळ्या घ्याव्या लागतात आणि बंद केल्यावर पाच वर्षांत जवळपास निम्म्या लोकांना पुन्हा खडे होतात. शस्त्रक्रियेत नुसते खडे काढून पिशवी का ठेवत नाहीत, हा प्रश्न नेहमी येतो. खडे बनवणारी पिशवी ठेवली तर ती नवे बनवते.

दुर्बिणीची ही शस्त्रक्रिया भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी पहिल्यांदा केली. आता जिल्ह्याच्या ठिकाणी ती रोजची झाली आहे. अर्ध्या ते एक सेंटीमीटरची तीन-चार छिद्रं, बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी. नळीतही खडा असेल तर सहसा आधी एन्डोस्कोपीने तो काढतात. सरकारी योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा, नंतर कागद जुळवणं कटकटीचं होतं.

पिशवी गेल्यावर पित्त यकृतातून थेट आतड्यात झिरपत राहतं, पचन चालू राहतं. पहिले दोन-तीन आठवडे तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच छोटी घ्या, तेल दिवसाला दोन-तीन चमचे, तळण आणि सायीचं दही नको. काहींना जेवल्यावर लगेच शौचाला पातळ होतं, बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं. नाही थांबलं तर डॉक्टरांना सांगा, पित्तक्षार बांधून ठेवणारं औषध मिळतं. काढलेली पिशवी पॅथॉलॉजीच्या तपासणीला जाते. टाके दाखवायला जाल तेव्हा तो रिपोर्ट मागून घ्या आणि सोनोग्राफीच्या कागदांसोबत त्याच फाइलमध्ये ठेवा.